दगडूआबांची पुसलेली वाक्यं

दगडूआबांवर अन्याय झाला तो गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत, सोमवारी, सकाळी अकरा वाजता. झाला म्हणतो ते चुकतंच, केला. गावात राहूनही आबा तुम्हाला नीट माहीत नसतील, म्हणून सांगतो.

आबा कारखान्यात सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कातकाम यंत्रावर होते. घशाच्या कॅन्सरात स्वरयंत्र काढलं, गळ्याला भोक राहिलं, त्यावर कायम रुमाल. आवाज गेला, खोड गेली नाही. फोनवर लिहून काही सांगायचे, निघालेल्या माणसाला फाटकातून दोन टाळ्या वाजवून परत बोलवायचे आणि भुवया उडवायचे. म्हणजे, काय सांगितलं ते बोलून दाखव! मशीनमधली बॅटरी संपली की आतली सगळी मापं पुसली जातात, हे त्यांनी नोकरीत फार निस्तरलं होतं. त्यामुळं एक वाक्य त्यांच्या तोंडी, म्हणजे बोटांत, कायमचं बसलेलं: "बंद करायच्या आधी इचार कर, उद्या याला काय आठवंल?"

ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर मी त्यांना एक साधा टेक्स्ट एडिटर लावून दिला. दोन अक्षरं टाकली की त्यांनी शिकवलेलं अख्खं वाक्य उमटायचं आणि स्पीकर ते मोठ्यानं वाचायचा. पहिल्या दिवशी एडिटर बंद केला आणि शिकवलेलं सगळं गेलं. आबांनी टाइप केलं, "ह्यो तर आपल्या सरपंचावानी हाय. रोज सकाळी कोरा." मग मी चार ओळींचा प्रोग्रॅम जोडला: बंद होताना वाक्यं फाइलीत जातील, उघडताना परत येतील. आबांनी बंद केलं, उघडलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. रुमालाच्या वर पहिल्यांदाच हसू दिसलं.

सभेपुढं ठराव होता. नव्या कारखान्याचं सांडपाणी आमच्या ओढ्यात सोडायला गावाची हरकत नाही, असा. गाव पितं ती विहीर त्याच ओढ्याच्या काठावर. आबा रोज दुपारी पंचायतीत बसून वाक्यं रचत होते. 'ओप' टाकलं की स्पीकर बोलायचा: "ओढ्याचं पानी इहिरीत उतरतं, इहिरीचं पोरांच्या पोटात. ज्याला सही करायची त्यानं आधी गिलासभर पिऊन दाखवावं."

सभेच्या सकाळी पंचायतीच्या ऑपरेटरनं कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइली पुसल्या, एडिटर तेवढा राहिला. "वरून सांगितलं व्हतं, मशीन कोरं कर." वरून म्हणजे कुणी, हे तो आजही सांगत नाही. मॉनिटरवर आबांनी चिकटवलेला कागद मात्र तसाच होता: 'फाइल आबाची हाय. पुसू नये.' वाचता येत नव्हतं काय?

आबा उठले, सभेत मांडलेल्या कॉम्प्युटरपुढं गेले. 'ओप' टाकलं. स्पीकर म्हणाला, "ओप."

पुन्हा टाकलं. "ओप."

मागून कुणीतरी ओरडलं, "आबांची बॅटरी संपली रं!" सभा हसली. आबा खाली बघून एका बोटानं अख्खं वाक्य टाइप करायला लागले.

"टाइम न्हाई, आबा," सरपंच म्हणाले. "कुणाची हरकत न्हाई असं धरतो. मंजूर!"

"ओढ्याचं पानी इहिरीत," असं स्पीकर म्हणाला, तेव्हा लोक सतरंज्या गुंडाळत होते.

हिवाळ्यात आजार उलटला. दौंडच्या दवाखान्यात माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन, सुजलेल्या बोटांनी आबांनी सगळी वाक्यं नव्यानं घातली. प्रत्येक वाक्यानंतर बंद करून, उघडून बघितलं. मी म्हणालो, "आबा, पडा की जरा." त्यांनी टाइप केलं, "दोन जागी ठिव. एक तुज्याकडं, एक गावाकडं." निघालो तर मागून दोन टाळ्या. त्या इतक्या हलक्या, की नर्सनं मला थांबवलं. भुवया वर. मी सांगितलं: दोन जागी, आबा. दोन दिवसांनी ते गेले.

फाइल माझ्याकडं आहे. दुसरी जागा म्हणजे तुम्ही. पुढच्या ग्रामसभेला या. मागच्या सभेचं इतिवृत्त, त्यात ओढ्याचा ठरावही, वाचतील आणि विचारतील, कायम करायचं का? हात वर करू नका. स्पीकर लावा म्हणा. आधी आबांना बोलू द्या.