सवलतीसाठी थांबलेलं ऊन पाणी

माझे सासरे शेवटची अडीच वर्षं आमच्याकडे होते. सासूबाई गेलेल्या, माझी बायको त्यांची एकुलती एक मुलगी, त्यामुळे दुसरी सोय नव्हती. पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशा समजुतीत वाढलेला तो माणूस. आमच्याकडे राहण्याचा संकोच त्यांच्या मनातून कधी गेलाच नाही. पेन्शन आली की भाजी स्वतः आणायचे, तीही गरजेपेक्षा जास्त. आणि गिझर वापरायचे नाहीत.

आमचं घर खडकवासल्याच्या रस्त्याला, लहानसं, वर स्वतःची गच्ची. थंडीत सकाळचा वारा अंगाला झोंबतो. सासरे सहा वाजता उठून नळाच्या गार पाण्याने अंघोळ करायचे. कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. थंडीत तो हात वर उचलायचा नाही, मग डाव्या हाताने तांब्या ओतायचे. मी गिझर चालू करून ठेवला, तर बंद करायचे.

"बाबा, अहो, तुमच्यासाठीच लावलाय!" बायको बाहेरून ओरडायची.

"जावईबापूंचं मीटर पळतं गं. मला इथवर ऐकू येतं."

यात माझाही दोष होता. विजेची युनिटं मी दर महिन्याला कॅलेंडरवर लिहायचो. त्यांना उद्देशून नव्हे, सवयीने. पण ते कॅलेंडर त्यांच्या कॉटसमोर होतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवायचा विषय निघाला, तेव्हा ते पहिल्यांदा खुलले.

"उन्हाचं बिल कोणाला येतं?"

"कोणालाच नाही."

"मग चालेल. मी दोन बादल्या घेईन. सांगून ठेवतो."

दिवाळीच्या आधी मी कोटेशन घेतलं, आगाऊ रक्कमही दिली. महापालिका मिळकतकरात सवलत देते. सोलरला एक सवलत आणि पावसाचं पाणी जिरवायची सोय केली तर आणखी. मी नियम वाचले आणि ठरवलं, दोन्ही कामं एकदम पुरी करू. एक अर्ज, एक तपासणी. कागद स्वच्छ राहतात. त्या पाण्यासाठी शोषखड्डा खणणारा माणूस दिवाळीला गावी गेला, तो लवकर परतला नाही. मी सोलरवाल्याला थांबायला सांगितलं.

सासरे रोज सकाळी गच्चीवर जाऊन रिकाम्या जागेकडे बघून यायचे. "काय जावईबापू, सूर्याचा अर्ज मंजूर झाला का?"

"खड्डा झाला की लगेच, बाबा."

"बरं बरं. तो कुठे पळून जात नाही म्हणा."

पौषात त्यांना ताप भरला, छातीत कफ झाला. दवाखान्यात सहा दिवस होते. सातव्या दिवशी गेले. गार पाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाले. माझं तेवढ्याने भागलं नाही, कारण प्रश्न त्यांच्या मरणाचा नव्हता. त्या सबंध थंडीत त्यांना एकदाही मोकळ्या मनाने ऊन पाणी अंगावर घेता आलं नाही, हा होता.

नंतर खड्डा झाला, सोलरही बसला. तपासणीला महापालिकेचा माणूस आला. नळ सोडून त्याने धारेखाली बोटं धरली, चटकन मागे घेतली. मग फाईल चाळायला लागला.

"कोटेशन दिवाळीच्या आधीचं आणि बसवलं आत्ता?"

"खड्डा व्हायचा होता. दोन्ही एकदम दाखवायचं होतं."

"कोणी सांगितलं तुम्हाला? सोलर तेव्हाच दाखवायचा, खड्डा झाल्यावर दुसरा अर्ज द्यायचा. चालतं की. एकदा येऊन विचारायचं तरी!"

बायको चहा घेऊन दारातच उभी होती. तो माणूस चहा पिऊन गेल्यावर तिने विचारलं, "म्हणजे दिवाळीतच बसवता आलं असतं?"

"हो."

ती रिकामे कप उचलून आत गेली.

मिळकतकराच्या नव्या बिलात सवलत आली आहे. मी आकडा ताडून पाहिला, बरोबर आहे. बायको मात्र सोलरचा नळ उघडत नाही. रोज सकाळी मोठ्या पातेल्यात गॅसवर पाणी तापवते आणि ते मोरीत नेते. परवा मी म्हणालो, "अगं, वर टाकीभर कडक पाणी आहे."

"असू दे."

पातेलं जड होतं, हिंदकळत होतं. मी धरायला हात पुढे केला. तिने दिलं नाही.