कारवानीचा खुराक

माझ्या सासऱ्यांनी पलटणीतून पेन्शनीत येताना घरी दोन गोष्टी आणल्या. एक मिशा, आणि दुसरी म्हणजे दिसेल त्या जिवंत प्राण्याला कवायत लावायची हौस. घरातली माणसं त्यांना दाद देईनात, बैल तर मुळीच देईनात. म्हणून त्यांनी एक कारवानी कुत्री पाळली. उंच, सडपातळ, लांब तोंडाची, सशामागे पळायलाच जन्मलेली जात. आमचं गाव वाईच्या अलीकडे. आसपासच्या गावांतले झाडून सगळे पेन्शनर सुभेदार असली कुत्री पाळायचे आणि सुगीनंतर माळावर ससे उठवायचे. खरी लढाई तिकडे परदेशात चालली होती, आमच्याकडची ही अशी.

मी सांगलीची. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. लग्न होऊन आले तेव्हा मी चांगली अंगानं भरलेली होते, असं माहेरचे सांगायचे. सासरी ते कुणालाच आठवत नव्हतं. वर्षं गेली, मूल होईना, आणि मी वाळतच चालले. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या शेजारणींना सांगायच्या, "हिच्या अंगी काय लागतच न्हाई बगा. खाती, पर जातं कुटं द्येव जाणं." त्या काळी सवत आणायची म्हणजे फार विचारपूस लागत नसे. खंडाळ्याकडची एक मुलगी बघून ठेवली होती, दिवाळीनंतर सुपारी फोडायची होती. मला कुणी हे सांगितलं नाही. माझ्यासमोर बोलायचे, एवढंच.

कुत्रीची कवायत पहाटे सुरू व्हायची. आमचे हे सायकलवर आणि ती दोरीनं बांधून बाजूनं पळत, घाटाच्या पायथ्यापर्यंत आणि परत. पोटात काही नाही, कारण पळणारं कुत्रं भुकेलं असावं हा मामंजींचा सिद्धांत. सुरुवातीला ती जीभ बाहेर टाकून येऊन पडायची ती दुपारपर्यंत उठायची नाही. मग हळूहळू ती तयार झाली. तेवढं पळून आली तरी धापसुद्धा लागायची नाही, उलट यांच्याकडेच कीव केल्यासारखी बघायची. भूक मात्र वाढली. आधी अर्धी भाकरी टाकून उठणारी आता थाळी चाटून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. तिची भाकरी मीच थापत असे, म्हणून मला ठाऊक. पण खुराक वाढवायचा नाही, असा मामंजींचा हुकूम. शिवाय शनिवारी तिला कडकडीत उपास. मारुतीचा वार पाळल्यानं कुत्र्याचे पाय हलके होतात म्हणे. मारुतीनं हे कुणाच्या कानात सांगितलं ते विचारायची सोय नव्हती.

माझी कवायत वेगळी होती आणि तिला कुणी कवायत म्हणत नसे. दळण, नदीचं पाणी, शेण, भाकऱ्यांची चळत, डोक्यावर पाटी घेऊन मळा, उसात खुरपणी, परत चूल. सगळ्यांची जेवणं उरकली की तव्यावर जे उरेल ते माझं. त्यात मूल व्हावं म्हणून आत्याबाईंनी मला सोमवार धरायला लावले, मग संकष्टी, मग शुक्रवार. उपाशी बायकांकडे देवाचं जास्त लक्ष असतं, हे ज्ञान मला त्याच घरात झालं.

बरगड्या आम्हा दोघींच्याही दिसायला लागल्या. तिच्या दिसल्या की मामंजी मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "बगा कशी कसलीय! बोटभर चरबी न्हाई." माझ्या दिसल्या की आत्याबाई अंगारा लावायच्या.

मग एक पेच पडला. मामंजींनी आसपासच्या निम्म्या सुभेदारांना पिल्लं कबूल करून ठेवली होती, आणि कुत्री माजावरच येईना. एक हंगाम गेला, दुसरा गेला. मामंजींची जेवणावरची वासना उडाली. वंश बुडण्याची काळजी काय असते ती मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्यांनी यांना साताऱ्याला पिटाळून जनावरांचा डॉक्टर आणवला. माझ्यासाठी गावातला भगत आणला होता. तो जवळच राहायचा, त्याला आणायला सायकलसुद्धा लागली नव्हती.

डॉक्टर सोप्यावर बसले. मी आणि आत्याबाई चहा घेऊन दाराआड. त्यांनी कुत्रीच्या पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवला, किती पळते, काय खाते ते विचारलं, आणि शनिवारचं ऐकून चष्मा काढून पुसला.

"सुभेदार, पळवता ते चांगलंच आहे. हिचं काळीज घोड्यासारखं झालंय. पण रोज पळणाऱ्या अंगातली भट्टी मोठी होते. ती पळतानाच पेटते असं नाही, ही झोपली तरी धगधगत असते. तिला बसून खाणाऱ्या कुत्र्याचा खुराक कसा पुरेल? आधी ती अंगातली चरबी जाळणार, मग मांस."

"आमी म्हनलं, हिच्या अंगी लागत न्हाई," मामंजी म्हणाले.

"अंगी लागायला काही उरावं लागतं ना! आणि उरत नाही असं दिसलं की मादीचं शरीर सगळ्यात आधी पिल्लांचं काम बंद करतं."

"म्हंजी वांझ न्हाई ती?"

"वांझ कसली! उपाशी आहे."

मी चहाच्या बश्या उंबऱ्यापलीकडे सोप्यावर ठेवल्या. मामंजींच्या समोर मी त्या दिवसापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढे ओढून मी दारातूनच विचारलं, "आणि बाईमाणूस असलं तर, डॉक्टर?"

यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मनगटांकडे पाहिलं.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे, बाई," ते म्हणाले. मग चहाची बशी उचलताना, "तरी उत्तर तेच आहे."

ते गेल्यावर मामंजींनी तडकाफडकी हुकूम सोडले. कुत्रीला अंडी, तूप, मटणाचं पाणी, शनिवार बंद, आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला इतका राग आला होता की कुत्रीची भाकरी मी आपटून आपटून थापली. बिचारीचा त्यात काय दोष!

दुपारी आत्याबाईंनी हाक मारली. पुरुष अजून जेवायचे होते. वार सोमवार होता. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. मला वाटलं, आता माहेरी धाडणार, म्हणून हा शेवटचा पाहुणचार.

"आत्याबाई, आज सोमवार."

"ठावं हाय मला. खा."

मी खायला लागले. त्या समोर बसून राहिल्या.

"मलाबी लय वर्सं पोर झालं न्हवतं," त्या एकदम म्हणाल्या. "माज्यावरबी दुसरी बगितली व्हती. मीबी सोमवार धरलं. दळायची, पानी वाहायची आन् उपाशी निजायची. मग तापानं पडले. कामाची न्हाई म्हून माहेरी धाडली. आईनं बसवून खायाला घातलं. माघारी आले आन् तुजा दाल्ला झाला. समदी म्हनली, सोमवार पावला. मीबी तसंच म्हनत आले."

त्यांनी ताटात भाकरी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि ती धार बराच वेळ थांबेना.

"खंडाळ्याला निरोप धाडलाय, पोरगी दुसरीकडं बगा म्हून," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे टिपले. "माज्या वक्ताला ह्या घरात कुत्रं न्हवतं गं."