केतकीने घेतलेला चाकू

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून निघालो तेव्हाच माझं डोकं फिरलेलं होतं. कारण माझा धाकटा भाऊ श्रीकांत. आयुष्यभर अमेरिकेत सर्जन म्हणून काम केलं, आता रिटायर झालाय, पण घरातल्यांशी अजून ऑपरेशन टेबलापाशी उभा असल्यासारखा बोलतो. त्याची मुलगी केतकी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, जंगलांवर पीएच.डी. करते. यंदा तिने हरणाच्या शिकारीचा परवाना काढला, आणि ते कळल्यापासून श्रीकांतने घर डोक्यावर घेतलं होतं. दर रविवारी मटण लागणारा हा माणूस! ते मटण काय झाडाला लागतं?

"दादा, तू तरी समजाव हिला," तो दारात उभा राहून मला म्हणाला. "आणि ऐकतच नसेल तर निदान माझ्या कार्डवर चांगला महागातला चाकू घे म्हणावं. स्वस्तातल्या चाकूने सगळी घाण करून ठेवेल."

"बाबा, आय हॅव माय ओन मनी," केतकी म्हणाली. "चाकू माझा मी घेणार. मटण आणून दाखवते, मग बोलू."

"नीट मटण आण, मग मी पुन्हा एक शब्द काढणार नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकन सण) दुसऱ्या दिवशीची ही सकाळ. सांगलीहून महिन्याभरासाठी आलेला मी, तीस वर्षं सरकारी पशुवैद्यक. पेनसिल्व्हेनियाचं जंगल बघायचंय असं सांगून मी केतकीच्या गाडीत बसलो. खरं म्हणजे मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

डेलावेअर नदी ओलांडली की डोंगर सुरू होतात. पानं सगळी झडून गेलेली, उतारांवर नुसत्या करड्या काटक्या उभ्या. मधूनच एखादं लाल लाकडी कोठार, एखादं पांढरं चर्च, आणि पुन्हा मैलोनमैल काटक्या. दुपारी एका डायनरमध्ये (रस्त्याकडेची खाणावळ) थांबलो. तिथे निम्मी माणसं नारिंगी टोप्या घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या शिकारीचा मोसम उघडणार होता. मी स्क्रॅपल (डुकराच्या उरल्यासुरल्या मांसात पीठ घालून तळलेली वडी) मागवलं. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "पहिल्यांदाच खाताय?" मी हो म्हटलं. "मग वर थोडा पाक घाला." मटणाच्या वडीवर पाक! मी घातला नाही, आणि चुकलोच, कारण ती वडी नुसती घशाखाली उतरेना. त्याचाही मला राग आला.

शिकारीच्या सामानाचं दुकान म्हणजे चाकूंची एक भली मोठी भिंतच होती. हातभर लांब पाती, करवतीचे दात, मुठीवर कवट्या. विक्रेता पोरसवदा नव्हता, चांगला पिकल्या मिशांचा होता, पण बोलत होता फक्त माझ्याशी. केतकीने विचारायचं आणि त्याने उत्तर मला द्यायचं, असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मी माझ्या सांगली इंग्रजीत गरजलो, "परवाना तिचा आहे, बंदूक तिची आहे, मी नुसता काका आहे!" मग तो वळला, आणि तिला दहा तुकड्यांचा महागडा संच दाखवायला लागला.

केतकीने तो बाजूला सारला. "काका, बघा. फोल्डिंग नको, बिजागरीत रक्त आणि चरबी जाऊन बसते. मोठं पातंही नको. फील्ड ड्रेसिंगला (शिकार पडल्या जागी पोट उघडून आतलं काढणं) चार बोटांचं पातं पुरतं. पोटाच्या आत हात घातला की टोक कुठे आहे ते दिसत नाही ना, त्यामुळे छोटंच बरं." तिने एक साधा चाकू उचलला. पात्याचं पोलाद थेट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, रबरी मूठ ओल्या हातातही न निसटणारी, रंग भडक नारिंगी. पाचोळ्यात पडला तरी सापडावा म्हणून. पोलाद भारीतलं नव्हतं, पण घरच्या दगडावर धार लागेल असं होतं. किंमत त्या संचाच्या पाव हिश्शाएवढीही नव्हती. मी नखावर धार घेऊन पाहिली. उत्तम होती. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात गेलो. थंडी अशी की माझे दात वाजायचे थांबेनात, आणि केतकी दर पाच मिनिटांनी "काका, श्श" करायची. उन्हं झाडांत आली तेव्हा एक हरिणी ओढ्याच्या काठाने आली. एकच आवाज झाला. पन्नास पावलांवर ती कोसळली. केतकी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिच्या मानेवर हात ठेवला. मग तिने टॅग (परवान्यासोबतची चिठ्ठी) भरून कानाला बांधला आणि चाकू काढला.

फार नीट चालली होती पोरगी. कातडीखाली दोन बोटं घालून, पात्याची धार वर ठेवून, आतल्या कशालाही धक्का न लावता तिने पोट उघडलं. आणि मला राहवेना. "सरक, दे इकडे. तुझ्या जन्माच्या आधीपासून करतोय मी हे."

तिने चाकू दिला. माझा हात आत गेला. कोठीपोट (रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं, मोठं पोट) समोर फुगलेलं दिसत होतं, आणि मी ते सरळ उभं चिरलं.

आमच्याकडे गाय मेली की विम्यासाठी शवविच्छेदन करावं लागतं. कोठीपोट उघडून जनावराने काय खाल्लं, विष आहे का, प्लास्टिकच्या पिशव्या आहेत का, हे बघितल्याशिवाय दाखला देता येत नाही. तीस वर्षं मी हेच केलं. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. हिरवा, आंबलेला चोथा भसकन बाहेर आला आणि पाठीच्या कण्याला आतून लागलेल्या दोन मऊ पट्ट्यांवर पसरला. हरणातलं सगळ्यात चांगलं मांस ते. श्रीकांतने नेमकं तेच मागितलं असतं.

मला काय झालं ते कळलं, तत्क्षणी कळलं. आणि मी ओरडलो. "हा काय चाकू आहे? टोकाला धड धार नाही! स्वस्तातलं घेतलं की हे असं होतं!"

केतकी त्या चोथ्याकडे बघत होती. "सॉरी, काका," ती म्हणाली. "मी चांगला घ्यायला हवा होता."

तिची ती माफी मी तशीच घेतली. एवढा नालायकपणा मी आयुष्यात केला नसेल. तिने माझ्या हातातून चाकू घेतला, खराब झालेलं काढून टाकलं, बाटल्यांतल्या पाण्याने आतून धुतलं, आणि शेतकऱ्याच्या कोठारात दुपारपर्यंत एकटीने कातडं सोलून मांडी, खांदा, पाठ वेगळी केली. मी कोपऱ्यात बादलीवर बसून होतो.

रविवारी पार्सिपनीला परतलो. श्रीकांतने स्वतः तांबडा रस्सा केला. पहिल्या घासाला त्याची मान हलली, मी पाहिलं. पण सर्जन तो. "कण्याच्या आतल्या बाजूचे ते मऊ पट्टे कुठे आहेत?"

"ते खराब झाले, बाबा."

"वाटलंच मला! स्वस्तातला चाकू. मी काय सांगत होतो?"

केतकी ताटाकडे बघत राहिली. मी ताट पुढे ढकललं. "चाकू चांगला होता. तिचा हातही चांगला होता. कोठीपोट मी फाडलं. आणि खापर चाकूवर फोडलं, कारण मला लाज वाटली. आता तू दिलेलं प्रॉमिस पाळ आणि गप्प जेव."

श्रीकांत खरंच जेवायला लागला. मीच केतकीकडे वळलो. "मला माफ कर. तुला वाटलं असेल—"

"मला माहीत होतं, काका. सगळं हरीण मी त्याच चाकूने सोललं ना?"

"मग तू सॉरी का म्हणालीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुम्ही खूप अपसेट होतात," ती म्हणाली, आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

सांगलीला परत येऊन आता दोन आठवडे झाले. लोक अमेरिकेबद्दल विचारतात, मी डोंगरांचं आणि त्या स्क्रॅपलचं सांगतो. पण मनात दुसरंच घोळत होतं. माझ्या दवाखान्यात शिंदे नावाचा ड्रेसर (जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा मदतनीस) होता, वीस वर्षं माझ्या हाताखाली. टाका सुटला, सुई चुकली, औषध कमी पडलं की मी तडकायचो आणि तो म्हणायचा, "साहेब, माझंच चुकलं." मला वाटायचं, याचंच चुकतंय. परवा त्याच्या घरी गेलो. चहा झाल्यावर विचारलं, "शिंदे, त्या चुका सगळ्या तुझ्याच होत्या का रे?"

तो कपाकडे बघून हसला. "जाऊ द्या की साहेब. तुम्ही लई तापायचा."