कुडापलीकडच्या सासूबाई

कल्याणची मी, ठाण्याला दिलेली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, आणि एका सकाळी पूजेला बसल्या बसल्या सासूबाईंचं उजवं अंग गेलं. हात गेला, पाय गेला. जीभ तेवढी राहिली. ती राहिली म्हणून देवाला नमस्कार करावा की देवाशी भांडावं, हे मला कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या सासूबाईंना पाहूनच कुणीतरी म्हटलं असावं. कूस बदलायला गेले की, "हळू! मी काय भाताची गोण आहे?" पेज भरवली की पहिल्या घासाला "कढत आहे", दुसऱ्याला "निवली". बरं, मीही काही गाय नव्हते. म्हणायची, "सासूबाई, कढत आणि निवलेली यांच्या मधली पेज कुठे मिळते ते सांगा, तिथून आणते." मग त्या तोंड मिटायच्या आणि मला ते उघडवायला निम्मी सकाळ लागायची. हौस फिटली बाई माझी!

दुखणं लांबलं. वैद्यांनी तेल दिलं, काढे दिले, आणि मग एकदा दारात उभं राहून सांगितलं की आता औषध म्हणजे सेवाच. सेवा हा शब्द पुरुषांच्या तोंडी फार गोड लागतो. करणाऱ्याला विचारा. जड देह उचलायचा, धुवायचा, कोरडा करायचा. पाठ सोलवटू नये म्हणून अंथरुणात केळीचं पान घालायचं, ते सुकलं की बदलायचं. कमरेखाली मूठ घालून गुडघा आधी वळवला तर अंग आपोआप वळतं, हे मला कुणी शिकवलं नाही, माझीच पाठ धरल्यावर कळलं. गाडी शिटी घालून खाडीच्या पुलाकडे गेली की मी त्यांची कूस बदलायची. हातात काहीही असो, शिटी ऐकली की मी उठायचीच. त्यातून पाणी भरणं, सोवळ्याचा स्वयंपाक, मुलं, पैपाहुणा. महिन्याचे बहुतेक दिवस आम्ही दोघी एकमेकींच्या इतक्या अंगाशी असायचो, आणि बोलणं काय तर "हळू" आणि "झालं हो".

बोलणं व्हायचं ते मी बाहेर बसले की.

म्हणजे असं, की कावळा शिवला की चार दिवस मी मागच्या पडवीत. कुणाला शिवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. तेवढे दिवस सासूबाईंचं करायला शेजारच्या आळीतून आमच्या चुलतसासूबाई यायच्या. काकी म्हणायचो आम्ही त्यांना. विधवा, अतिशय सोवळ्याच्या, मनानं चांगल्या. पण हात असा की भाकरी थापावी तसं माणूस थापायच्या. सासूबाई त्यांना एका शब्दानं काही म्हणत नसत. मला मेलं त्याचंच नवल वाटायचं. मी इतकी जपून करते तर बोलणी खाते, आणि या धपाधप करतात तर मुकाट!

सासूबाईंची खोली न्हाणीला लागून, आणि तिच्या नि माझ्या पडवीच्या मध्ये नुसता कारवीचा कूड, शेणामातीनं लिंपलेला. त्यांचं अंथरूण त्या अंगाला, माझी घोंगडी या अंगाला. काकी घरी गेल्या की पलीकडून आवाज यायचा, "काय गं, जागी आहेस का?" भर दुपारी कुठली झोप! मी म्हणायची, "आहे. बोला."

मग काय बोलायच्या! त्यांचं माहेर खाडीकाठच्या गावातलं, मिठागरांच्या पलीकडे. उन्हाळ्यात मिठाचे ढीग इतके लखलखायचे की डोळ्यांवर हात धरून घरी यावं लागे. आगरी बायका पाट्या घेऊन जाताना गाणी म्हणत, ती यांनी चोरून पाठ केली होती आणि आईचा मार खाल्ला होता. एकदा मला त्यातलं एक म्हणून दाखवलं. इश्श! ते मी इथे लिहीत नाही. मी इकडे तोंडात पदर कोंबून हसतेय, त्या तिकडे खोकून खोकून हसताहेत. सकाळी जिनं मला पेजेवरून बोल लावले होते तीच ही बाई, हे सांगून खरं वाटलं नसतं.

डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी कूड कोरला. कितीतरी महिने कोरत होत्या, मला पत्ता नाही. एके दिवशी पाहते तर बोट जाईल एवढं भोक, आणि भोकात त्यांचा डोळा! मी किंचाळलेच.

"ओरडतेस काय? तोंड पाहिलं तुझं. वाळलीस गं."

"आणि विटाळ?"

"नजरेला विटाळ नसतो."

मला थट्टा सुचली. मी आपलं बोट त्या भोकाशी नेलं. पलीकडून असा आवाज चढला की विचारू नका. "बोट काढ! आधी काढ! शिवशील!" मी काढलं. त्या बाबतीत त्यांच्याशी थट्टा नव्हती. अंग लुळं पडलं तरी सोवळं त्यांचं ताठ होतं.

त्याच भोकातून एकदा त्या म्हणाल्या, "मी जाईन तेव्हा तू आत असायला हवीस हो. शेवटचं पाणी तुझ्या हातचं पाहिजे मला."

मी म्हटलं, "काकी आहेत की. मुलगा आहे."

"मुलगा कचेरीत असायचा. आणि तिच्या हाताला घाई आहे. मरताना तरी घाई नको."

"मरणाला काय माझी तिथी माहीत असते, सासूबाई?"

"म्हणून तर भीती वाटते," त्या म्हणाल्या. त्यांना भीती वाटते हे त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसापासून आमच्या दोघींच्या जिवाला तो घोर लागला. दिवस जवळ आले की त्या विचारायच्या, "आली का गं?" मी बाहेर बसले की चार दिवस त्या जपून श्वास घेत असाव्यात असं मला वाटायचं. पाचव्या दिवशी न्हाऊन आत गेले की डोळे मिटून म्हणायच्या, "टळलं बाई या महिन्याचं." आणि लगेच, "पेज कढत आहे."

तापाचं निमित्त झालं. थंडीचे दिवस होते. पाठीला एक जखम झाली ती भरेना, ताप उतरेना, आणि मग जीभही गेली. घर एकदम गप्प झालं. मी रात्रंदिवस तिथेच बसून. मनात एकच, आणखी थोडे दिवस, देवा, आणखी थोडे. कसलं काय! एका सकाळी उठले आणि कळलं. त्यांच्या उशाशी उभं राहून सांगवेना. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समजल्या. डोळ्यांतून पाणी आलं, पण डाव्या हातानं मला दाराकडे खूण केली. जा म्हणून. मी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकींचा आवाज बदलला. त्यांनी गंगेचा गडू फोडला, वाटीत पाणी घेतलं, तुळशीपान घातलं. इकडचं जाणं कचेरीत झालेलं, शेजारचा एक गृहस्थ बोलवायला धावला. कुडाच्या भोकाला मी डोळा लावून बसले होते. काकी म्हणत होत्या, "घ्या हो जाऊबाई, गंगा आहे, घ्या." माझ्या सासूबाईंनी दात घट्ट आवळले होते. पाणी गालावरून उशीवर गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. एरवी पेजेला मिटायचं तसं ते तोंड मिटलेलं, आणि मला ठाऊक होतं की हे आता जगात एकाच माणसाला उघडता येतं. मी या बाजूला हात बांधून! मी कुडावर डोकं आपटलं, खरंच आपटलं.

तेव्हा भोकातून बोट आलं.

डाव्या हाताचं, नख वाढलेलं. ते कापायचं राहून गेलं होतं माझ्याकडून. बोट चाचपत होतं. माझ्या गालाला लागलं आणि तिथेच टेकून राहिलं. मी त्यांना शिवले नाही. त्या मला शिवल्या. जन्मभर जे जपलं ते त्या बाईनं त्या भोकातून बाहेर टाकून दिलं.

मी उठले आणि सरळ आत गेले. काकी ओरडल्या, "अगं अगं, काय करतेस!"

म्हटलं, "काकी, त्यांना विटाळ झालाय. मला शिवल्या त्या. तुम्ही सोवळ्यात आहात, आता तुम्हाला काही त्यांना हात लावता यायचा नाही."

 काकी अंथरुणापासून दोन पावलं मागे सरल्या. वाटी त्यांनी जमिनीवर ठेवली आणि बोटाच्या टोकानं हळूच माझ्याकडे सरकवली.

कमरेखाली मूठ घातली, गुडघा वळवला, त्यांना माझ्याकडे कुशीवर घेतलं. म्हटलं, "सासूबाई, कढत नाही, निवलेलंही नाही. घ्या." दात सुटले. तुळशीपान जिभेवर ठेवलं, पाणी घातलं. दोन घोट गेले. तिसरा राहिला.

इकडून येणं झालं तेव्हा सगळं संपलेलं होतं. दारातूनच विचारलं, "पाणी कुणी घातलं?"

काकी म्हणाल्या, "तिच्या सुनेनं." आणि त्यापुढे त्याबद्दल त्या आयुष्यात कुणाकडे एक अक्षर बोलल्या नाहीत.

नंतरही दर महिन्याला चार दिवस मी पडवीत बसत होते. दुपारी गाडीची शिटी झाली की उठायची, आणि काही करायचं नाही हे आठवून खाली बसायची. त्या भोकातून रिकाम्या खोलीतलं ऊन दिसायचं. लिंपण करताना मी तेवढी जागा सोडून लिंपत असे.

आता मी म्हातारी झाले आहे. गुडघे सुजतात, उठवावं लागतं. मुलानं कूड पाडून विटांची भिंत घातली, चांगली जाड. सून माझं सगळं करते, हात मऊ आहे तिचा, मी उगीच नावं ठेवणार नाही. ती बाहेर बसते तेव्हा त्या भिंतीपलीकडेच असते. मी दोनतीनदा हाक मारून पाहिली, तिला ऐकू जात नाही.

अंथरूण मी भिंतीला अगदी लावून घेतलं आहे. भिंतीचा गारवा बाधेल म्हणून सून ते मध्ये ओढते. ती गेली की मी पुन्हा सरकते.