बुडालेला कमलाकांत

सातपाटीच्या कमलाकांतने पडद्यावर काय काय केले नाही! विनोदी सिनेमात मालकाच्या लाथा खाणारा नोकर, मारामारीत पहिल्याच ठोशाला आडवा होणारा गुंड, दूरदर्शनच्या मालिकांत कधी डॉक्टर, कधी हवालदार, पौराणिकात दाढी चिकटवून ऋषी. पंधरा वर्षांत नाव एकदाही झळकले नाही. गावाचे तर विचारूच नका. मच्छीमार सोसायटीच्या टीव्हीसमोर बसलेली मंडळी "तो बग, आला न् गेला" म्हणून खदाखदा हसत. ते हसणे त्याला फार लागे.

एकदाच त्याला भरभक्कम प्रसंग मिळाला. नवापूरच्या किनाऱ्यावर शूटिंग होते आणि त्याला समुद्रात बुडून मरायचे होते. लहानपणी त्याने बापाला डोळ्यांदेखत बुडताना पाहिले होते. हात कसा वर आला, तोंड कसे उघडे राहिले, सगळे त्याने जसेच्या तसे केले. करताना शरम वाटली, तरी केले.

तो सिनेमा एका रविवारी टीव्हीवर लागला. त्या दिवशी कोणी हसले नाही. त्याची आई गोजराबाई अर्ध्यातून उठून गेली आणि तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

नव्वद साल उलटले आणि कामे आटली. पंचेचाळिशीच्या माणसाला बोईसरच्या कंपन्या दारात उभे करीनात. घरात खायचे वांधे झाले, तेव्हा तो थोरल्या भावाच्या, महादू तांडेलाच्या होडीपाशी जाऊन उभा राहिला. जाळी चढवणाऱ्या खलाशांचे हात त्याला पाहताच थांबले.

"दर्यानं एकदा घेतलेला माणूस आमी होडीत घेत नाय," महादू म्हणाला.

"दादा, तो सिनेमा होता! मी डाक्टर झालो तवा ताप आला म्हणून आलास माज्याकडं? ऋषी झालो तवा पाया पडलास? मग बुडालो तेवडंच खरं?"

"ती सगळी सोंगं," महादू म्हणाला. "त्यात आमाला आमचा कमल्याच दिसायचा. बुडताना तू नव्हतास. तो बा होता."

खलाशांनी माना डोलावल्या. पंधरा वर्षे ज्या शाबासकीसाठी तो झुरला, ती अशी चार माणसांदेखत मिळाली. मग त्यांनी होडी पाण्यात लोटली, त्याच्या जागी मनोरकडचा, धड पोहताही न येणारा एक गडी घेऊन.