वेबसाइटची वेळ अकरा ते पाच

कॉलेजच्या ऑफिसात किस्से फायलींसारखेच साचतात. फरक एवढाच, की फाइल मागितली तर सापडत नाही आणि किस्सा न मागता समोर येऊन बसतो. महाडच्या कॉलेजात मी तात्पुरत्या नेमणुकीवर जेमतेम वर्षभर होते. पण अजूनही मैत्रिणी जमल्या की पहिली फर्माईश हीच, “अश्विनी, तुझ्या भाऊसाहेबांचं सांग ना!”

तर सांगते. ज्या वर्षांत प्रत्येक संस्थेला अचानक वेबसाइट हवीशी झाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या संस्थेची कॉलेजं दोन, थोरलं महाडला आणि धाकटं पोलादपूरला. दोघांनी हौसेने ‘ऑनलाइन विभाग’ काढला. रोज कॉलेजात येणं ज्यांना जमत नाही त्यांनी धडे, स्वाध्याय, तारखा सगळं वेबसाइटवर बघायचं, आणि परीक्षेला तेवढं यायचं. पुढे संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब यांना शंका आली, “हे कुणी बघतं तरी का?” म्हणून मला नेमलं. दोन्ही वेबसाइट तपासायच्या, विद्यार्थ्यांना त्यांचा कितपत उपयोग होतो ते लिहून द्यायचं. उपयोग दिसला नाही तर विभाग बंद!

बंद व्हायला माझी हरकत नव्हती, पण मध्ये सुनंदा होती. हिरकणीवाडीची. नवरा मुंबईत नोकरीला, ही सासूबरोबर गडावर जाणाऱ्या रोपवेच्या पायथ्याशी चहा-भज्यांची टपरी चालवायची आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. सासूने परवानगी देताना एकच अट घातली होती, “घरात बसून काय शिकायचा ता शीक. महाडच्या फेऱ्या नाय चालायच्या.” विभाग बंद झाला असता, तर सुनंदाचं शिक्षण तिथेच संपलं असतं.

*

पहिल्या दिवशी मी आमची वेबसाइट उघडली. म्हणजे, उघडायला घेतली. पहिल्या पानावर संस्थेच्या झाडून सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, मानाप्रमाणे, अध्यक्ष सगळ्यात वर. तेव्हाचं इंटरनेट टेलिफोनच्या वायरीतून यायचं, त्यामुळे फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा. चहा येईपर्यंत आण्णासाहेबांचा फेटा आला. चहा संपेपर्यंत भुवया आल्या. मिश्या येणार, एवढ्यात लाइन तुटली!

मी तडक प्राचार्यांकडे गेले. “सर, मुलांना वेळापत्रक हवं असतं. ते पहिल्या पानावर घेऊ. फोटो दुसऱ्या पानावर ठेवू.”

सरांनी चष्मा काढला. “अहो, मग दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करताना समोर काय ठेवायचं? वेळापत्रक?”

मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. दसऱ्याला खरोखरच कॉम्प्युटर पुसून, हळदकुंकू लावून वेबसाइटचं पहिलं पान उघडून ठेवलं होतं, आणि मॉनिटरला झेंडूचा हार. हार बरोबर आण्णासाहेबांच्या फोटोभोवती बसला होता. फी भरायला आलेले एक पालक दारातच थबकले. चपला काढल्या, हात जोडले आणि गहिवरून म्हणाले, “काय हे! परवा तर एसटी स्टँडवर माझ्याशी बोलले हो!”

*

वेबसाइटच्या अगदी खाली एक ओळ होती. ‘वेबसाइट पाहण्याची वेळ : सकाळी ११ ते सायंकाळी ५. रविवारी बंद.’

“सर, वेबसाइट चोवीस तास चालू असते.”

“असेल. पण ऑफिस बंद असताना कुणी बघितली आणि काही अडलं, तर विचारणार कुणाला?”

मी ती ओळ काढून टाकली. दुसऱ्या दिवशी ती परत हजर! पुन्हा काढली, पुन्हा हजर. साठीला टेकलेल्या माणसांना कीबोर्ड देऊ नये असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे.

मग एके दिवशी मुंबईहून फोन आला. पोलादपूरकडचा एक विद्यार्थी, हॉटेलात कामाला. फार अजिजीने म्हणाला, “मॅडम, मला सुट्टी फक्त रविवारची असते. महिन्यातून एखादा रविवार वेबसाइट उघडी ठेवाल काय?”

वर्षभरात त्याने रविवारी एकदाही उघडून बघितली नव्हती. बंद आहे म्हटल्यावर बघायची कशाला!

मी फोन आपटला आणि सरांना म्हटलं, “बघा! तुमच्या एका ओळीने केवढं नुकसान झालं!”

सरांचा चेहरा उजळला. “पण विद्यार्थी किती शिस्तीचे आहेत, ते बघा ना!”

*

आता भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे आमचे हेडक्लार्क. सबंध ऑफिस त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर चालायचं. कॉलेजच्या ई-मेलचा पासवर्डसुद्धा त्यांनी कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकिटाला लाख लावून कपाटात ठेवला होता.

विद्यार्थ्यांच्या ई-मेलना उत्तरं कशी जातात, हे मला तपासायचं होतं. मी दासगावच्या माझ्या घरचा पत्ता घालून कॉलेजला एक ई-मेल पाठवला : ‘तिसरा स्वाध्याय केव्हा द्यायचा आहे?’ पाठवला कुठून? भाऊसाहेबांच्या शेजारच्या टेबलावरून!

दिवस गेले, उत्तर नाही. आठवडा उलटला. मग एका संध्याकाळी घरी गेले तर आई म्हणाली, “तुझं टपाल आलंय.” जाड पाकीट, वर कॉलेजचा शिक्का, जावक क्रमांक. आत पत्र : ‘आपल्या ई-मेलला अनुसरून कळविण्यात येते की, सदर माहिती वेबसाइटवर उपलब्ध आहे.’

सकाळी मी पाकीट त्यांच्यापुढे आपटलं. “भाऊसाहेब! ई-मेलला टपालाने उत्तर?”

“अगो, आलेल्या कागदाला आवक नंबर पडतो, मग सरांचा शेरा, मग जावक. असं हवेतल्या हवेत उत्तर देऊन कसं चालेल? उद्या कुणी म्हणालं, मिळालं नाही, तर?”

“अहो पण मी रोज इथे तुमच्या शेजारी बसते! तोंडाने सांगायचं होतं!”

भाऊसाहेबांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिलं. “तू इथे बसतेस गो. पण अर्जदार दासगावची होती.”

*

पोलादपूरवाल्यांची वेबसाइट बघायला गेले तेव्हा जरा आशा होती. तिथले सर वयाने तरुण, खुर्चीवर टॉवेल न टाकणारे. त्यांनी वेबसाइट एका दिवसात तयार केली होती म्हणे. का नाही होणार? महाडची जशीच्या तशी उचलली आणि कॉम्प्युटरला सांगितलं, जिथे जिथे महाड असेल तिथे तिथे पोलादपूर कर!

कॉम्प्युटर बिचारा सांगकाम्या. त्याने इमानाने सगळीकडे केलं. आमच्या ‘कॉलेजला कसे याल’ या पानावर ‘महाडहून पोलादपूरला जायला अर्धा तास लागतो’ असं वाक्य होतं. त्यांच्याकडे छापलं होतं, ‘पोलादपूरहून पोलादपूरला जायला अर्धा तास लागतो.’

मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. सर खजील होतील म्हणून मी थांबले.

त्यांनी शांतपणे खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. “बाजाराच्या दिवशी लागतो हो.”

*

वेबसाइट तपासायची खरी पद्धत अशी, की विद्यार्थ्याला कॉम्प्युटरपुढे बसवायचं, एक काम सांगायचं आणि आपण तोंडाला कुलूप लावायचं. तो कुठे अडतो ते नुसतं बघायचं. त्यासाठी मी सुनंदाला बोलावलं. सासूला महाडला किराणा भरायचाच होता, म्हणून दोघी आल्या. मी सरांना आणि भाऊसाहेबांना दहादा बजावलं, “कुणी बोलायचं नाही. चुकली तर चुकू दे.”

“अजिबात नाही,” सर म्हणाले.

सुनंदाला काम दिलं, परीक्षेची तारीख शोध. तिने माउस हातात घेतला. फेटा आला. भुवया आल्या. ती वाट बघत राहिली. सर मागून पुटपुटले, “खाली.” मी डोळे वटारले. सर गप्प. मग, “अजून खाली.” मग, “डावीकडे, डावीकडे, गेलं! वर ये!” भाऊसाहेब म्हणाले, “सर, बोलायचं नाही ठरलंय.” सर म्हणाले, “मी कुठे बोलतोय? मनातल्या मनात चाललंय माझं!” शेवटी सरांनी तिच्या खांद्यावरून हात घालून स्वतःच बटण दाबलं आणि विजयी मुद्रेने म्हणाले, “बघा! एका मिनिटात सापडली तारीख!”

सुनंदाने माउस सोडला, पदर सावरला आणि म्हणाली, “सोपा हाय की सर. फकस्त तुमी रोज हिरकणीवाडीला येऊन असं मागं उभं ऱ्हावाल ना?”

सासू फिस्सकन हसली. मी सुनंदाला तिथेच मिठी मारणार होते.

*

त्यानंतर मी इरेला पेटले. वेळापत्रक, स्वाध्याय, धडे, सगळं नीट लावलं. फोटो मात्र हलले नाहीत. ते पहिल्या पानावर जसेच्या तसे. पण काय चमत्कार! सुनंदाचे स्वाध्याय वेळेवर यायला लागले. एकदा मी एका धड्यातलं चुकलेलं साल सकाळी दुरुस्त केलं, तर दोन दिवसांनी आलेल्या तिच्या उत्तरात दुरुस्त केलेलं साल! त्यांच्या शेजारच्या पाचाड गावात कुणाकडे तरी इंटरनेट आलं असणार, असं मी धरून चालले. अहवालात ठसक्यात लिहिलं, ‘वेबसाइट सुधारली की विद्यार्थी वापरतात.’

आण्णासाहेबांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, “कागदावर सगळंच छान असतं. मी स्वतः त्या मुलीला भेटतो. विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, तिथेच ठरवू.”

जीप निघाली. पुढे आण्णासाहेब फेट्यासकट, मागे सर, मी आणि भाऊसाहेब. एरवी रजा न घेणारे भाऊसाहेब सकाळपासून म्हणत होते, “मी कशाला? मला जरा कणकण वाटतेय.” सरांनी त्यांना ओढूनच आणलं.

टपरीवर पोचलो. सासूने बाक पुसला, आम्ही बसलो. आण्णासाहेबांनी सुनंदाला उभं करून सरबत्तीच सुरू केली. परीक्षा कधी? तिने सांगितलं. कुठे? सांगितलं. चौथा स्वाध्याय कशावर? तेही सांगितलं, वर म्हणाली, “त्याची तारीख दोन दिवसांनी पुढं ढकललीय, आज सकाळीच बघितला.” मी अशी काही फुगले की विचारू नका! ती तारीख मी आदल्याच सकाळी बदलली होती.

आण्णासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. टपरीत एक स्टोव्ह, दोन किटल्या, एक बल्ब, आणि तोही वीज नसल्यामुळे विझलेला. “मुली, इथे तर टेलिफोनसुद्धा दिसत नाही. वेबसाइट बघतेस कुठे?”

“हितंच की,” सुनंदा म्हणाली. “रोज सकाळच्या गाडीनं येते. कंडक्टर जाड पाकीट देतो हातात, वर कॉलेजचा शिक्का. माजा स्वाध्याय त्याच गाडीनं परत जातो. आयतवारी तेवडी येत नाय वेबसाइट.”

वर रोपवेचा पाळणा करकरत गडाकडे चालला होता आणि भाऊसाहेब एकटक त्या पाळण्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे वळले. सरांनी हळूच खिशातून रुमाल काढला.

आण्णासाहेबांचा चेहरा काळवंडला. “म्हणजे ह्याला ऑनलाइन म्हणायचं?” ते एकेक शब्द चावत म्हणाले. “ह्यासाठी आपण विभाग चालवतो?”

सुनंदाच्या हातातला झारा तसाच राहिला. तेवढ्यात सासूने गरमागरम कांदाभज्यांचे पुडे सगळ्यांच्या हातात दिले. रागात का होईना, आण्णासाहेबांनी एक भजं तोंडात टाकलं. मग दुसरं. मग उरलेली तळहातावर ओतून त्यांनी पुड्याचा कागद उलगडला, आणि तेलाने पारदर्शक झालेल्या कागदावरून आण्णासाहेबच आण्णासाहेबांकडे बघत होते. फेटा, भुवया, मिश्या, सगळे एकदम. कुठेही न अडकता!

सरांना जोराचा ठसका लागला. सुनंदा पुढे झाली, काकुळतीने म्हणाली, “नाय वो सर, बाकीची पानं मी शिवून ठेवल्यात, एक बी फाटलेला नाय. पयलं पान तेवडं रोज तेच असतंय. त्यात वाचायला काय नसतं, म्हणून भज्यांना…”

आण्णासाहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उन्हात धरला. शेजारच्या बाकावर गड बघून आलेले पाहुणे बसले होते. त्यांच्याही हातात पुडे होते, त्यांच्याही मांडीवर फेटे होते. आण्णासाहेबांनी एकेका मांडीकडे निरखून पाहिलं. मग कागदाची नीट घडी घालून ती खिशात ठेवली आणि मागे वळून म्हणाले,

“भाऊसाहेब, उद्यापासून रंगीत पाठवा!”