मनिराम भूमकाने दाखवलेली शीव

चिचगडकडच्या जंगलातल्या एका गोंड गावाचा मनिराम हा भूमक, म्हणजे गावदेवाचा पुजारी. गावाची शीव त्याच्या पायांना पाठ होती. दरवर्षी पेरणीआधी तो अनवाणी शिवेवरून फिरायचा. शिवेबाहेर पाय टाकायचा नाही, असा त्याचा नेम.

एक्कावन्न साली जमीनदारी गेली आणि आम्ही मोजणीची साखळी घेऊन आलो. मोजणीदार मीच. जाणकार माणूस चालेल ती शीव, असा आमचा नियम. मनिराम पुढे चालला. ओढ्यापाशी तो एकदम आत वळला आणि मोहाच्या झाडांना वळसा घालून पुन्हा वाटेला लागला. मी तो वळसा जसाच्या तसा नकाशावर उतरवला. का वळलास, एवढे विचारले असते तर माझी जीभ झडली नसती. मला देवरीची बस गाठायची होती. त्याने अंगठा दिला.

त्या मोहांखाली, ऐन शिवेवर, गावाचे मेलेले होते. प्रत्येकाच्या नावाचा उभा दगड. मनिरामचा एकुलता एक मुलगा बुधरामही तिथेच. मेलेल्यांच्या अंगावरून भूमक चालत नाही, म्हणून तो वळला होता. नकाशात ती जागा सरकारी जंगलात गेली.

हे कळले चार वर्षांनी, त्याची बायको धुरपता गेली तेव्हा. "मले बुधरामजवळ ठेवजा," एवढेच तिने मागितले होते. जंगलाच्या शिपायाने नकाशा दाखवून तिरडी अडवली. तिला लेकापासून चाळीस पावलांवर पुरावे लागले.

नागपूरचे राज्य गेले, मुंबईचे आले, मग महाराष्ट्र झाला. साठ साली फेरतपासणी निघाली, तेव्हा ते गाव मी भांडून मागून घेतले.

"बाबा, या खेपेला सरळ चालून दाखवा. धुरपताबाईचा दगड तिकडे नेता येईल."

"वरून चालू?"

"चाला."

तो दगडादगडाशी थांबून, नाव घेऊन माफी मागत चालला. बुधरामपाशी त्याचा पाय उचलेना. रडत त्याने तो उचलला. मी मोजले, कागद वर पाठवले.

तीन महिन्यांनी उत्तर आले. जाणकार वृद्ध व भ्रमिष्ट. पूर्वीचा अंगठा ग्राह्य. जुना नकाशा कायम.

सांगायला मीच गेलो. मनिरामने स्वतःच्या पायांकडे पाहिले.

"मंग साहेब, पोराच्या अंगावरून मी चाललो, तं फुकटच का जी?"